कोश वापरता का, हे विचारून कळत नाही

बडोद्यातल्या मराठी मंडळींत एक वाद वरचेवर निघतो आणि दर वेळी त्याच वळणावर येऊन अडतो. मराठी-गुजराती कोश नव्याने काढायचा झाला, तर तो छापायचा की मोबाइलवर द्यायचा? एका बाजूचे म्हणणे, हल्ली कोश उघडतो कोण? दुसरी बाजू म्हणते, आमच्या घरी तर रोज लागतो. पुरावा म्हणून पहिली बाजू ग्रंथालयाची देवघेव वही दाखवते, दुसरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला गूगल फॉर्म पुढे करते: ‘आपण शब्दकोश वापरता का? नेहमी, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.’ या दोन्ही पुराव्यांच्या आधारे कोणताच निर्णय घेता येत नाही, आणि वाद मात्र त्यांच्याच जोरावर चालला आहे. माणूस कोशाचे काय करतो हे त्याला विचारून कळत नाही. तो शब्द शोधत असताना शेजारी बसून पाहावे लागते. तसे पाहण्याच्या रीती गेल्या सत्तर वर्षांत चांगल्या तावूनसुलाखून निघाल्या आहेत. त्यांना खर्च फार नाही, चिकाटी लागते. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणारी मुले दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत गल्लोगल्ली आहेत. या कामाला बडोद्याइतकी योग्य जागा महाराष्ट्रातही सापडणे कठीण.

आधी देवघेव वहीचे पाहू. ‘दहा वर्षांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कोणी नेला नाही, दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सातही खंडांवर धूळ आहे’ हे वाक्य ऐकायला जबर वाटते. पण संदर्भग्रंथ घरी देतच नाहीत, मग तो वहीत चढणार कसा? तिथले शून्य नियमामुळे आलेले आहे, वाचकामुळे नव्हे. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांची घडी बसवली, त्या गावाला ग्रंथांची मोजदाद कशी करावी हे बाहेरून शिकायची गरज पडू नये. संदर्भ विभागातला वापर मोजायची रीत साधी आहे. ‘पुस्तक फळीवर परत ठेवू नका’ अशी पाटी लावायची आणि दिवसातून दोनदा, टेबलांवर पडलेले ग्रंथ जागेवर लावण्याआधी, टिपून घ्यायचे. यातही गळती असते. जुना वाचक सवयीने खंड स्वतःच जागेवर ठेवतो, म्हणून येणारा आकडा हा ‘निदान इतका तरी वापर’ एवढाच समजायचा. आणि टेबलावरचा खंड फार तर सांगतो की कोणीतरी तो उघडला. कोणता शब्द पाहिला, तो मिळाला का, मिळून उमगला का, यातले तो काहीच सांगत नाही.

गूगल फॉर्मचे दुखणे याहून खोल आहे. अमेरिकेत कोशकार क्लॅरन्स बार्नहार्ट यांनी १९५५ साली २७ राज्यांतल्या ९९ महाविद्यालयांत चौकशी केली. एकूण ५६,००० विद्यार्थी कोशात काय बघतात, हा प्रश्न होता. उत्तर आले की अर्थ आणि शुद्धलेखन सर्वांत वर, व्युत्पत्ती सर्वांत खाली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण उत्तरे विद्यार्थ्यांची नव्हती. ती त्यांच्या शिक्षकांनी दिली होती. म्हणजे हाती आले ते शिक्षकांचे मत. पुढे विद्यार्थ्यांनाच विचारू लागले, तरी अडचण सुटली नाही. ग्लिन हॅथरॉल यांनी १९८४ मध्ये नेमके तिथेच बोट ठेवले: उत्तर देणारा आपण करतो ते सांगतोय, करतो असे वाटते ते सांगतोय, की करायला हवे असे वाटते ते? आपल्याकडे यातले तिसरे पारडे जड असते. कोश हा मानाचा ग्रंथ. ‘कधीच नाही’वर खूण करणे म्हणजे आपण भाषेची हेळसांड करतो अशी कबुली देणे. उलटेही घडते. दिवसातून पाच वेळा मोबाइलवर ‘हिरमुसणे मीनिंग इन गुजराती’ असे लिहून शोधणारी मुलगी फॉर्मवर ‘क्वचित’ लिहिते, कारण तिच्या लेखी कोश म्हणजे कपाटातला जाडजूड ग्रंथ, मोबाइलवर ती बघते ते नव्हे. एकाने न वापरता वापरतो म्हटले, दुसरीने वापरून नाही म्हटले, आणि दोन्ही चुका एकाच बेरजेत गेल्या. शिवाय ‘नेहमी’ म्हणजे किती? निवृत्त शिक्षकाचे ‘नेहमी’ आठवड्यातून एकदा असते, भाषांतरकाराचे ताशी दहा वेळा.

उत्तरे खूप आली की दोष आपोआप धुऊन निघतात, असा आणखी एक समज आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, त्यांतल्या सुमारे २४ लाख भरून आल्या, आणि त्यावरून लॅंडन जिंकणार असे जाहीर केले. जिंकले रूझवेल्ट, आणि तेही साठ टक्क्यांहून अधिक मते मिळवून. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि परत पाठवायची तसदी घेणारे वेगळ्या घडणीचे लोक होते. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात फिरलेला फॉर्म कोण भरतो? मराठीची कळकळ असणारा. ज्याच्या घरातून मराठी निसटत चालली आहे, तो त्या समूहातच नसतो. कोश तर त्याच्यासाठीच काढायचा आहे.

तरीही प्रश्नावलीच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करायला हवे. कोश अजिबात न उघडणारा माणूस निरीक्षणात सापडत नाही. त्याच्यापर्यंत पोचायला प्रश्नच लागतात. घरात कोणता कोश आहे, तो कधी घेतला, शाळेत कोश पाहायला कोणी शिकवले का, यांची उत्तरे माणूस नीट देऊ शकतो. आवडीनिवडीही कळतात. जर्मनीतल्या मानहाइमच्या भाषासंस्थेने २०१० मध्ये ऑनलाइन कोशाविषयी विचारले, पहिल्या फेरीत ६८४ जणांनी उत्तरे दिली, आणि चांगल्या कोशाच्या गुणांत सर्वांत वर आली ती मजकुराची विश्वासार्हता. ध्वनी-चित्रे आणि कोश आपल्या सोयीने बदलता येणे ही तळाला गेली. ‘अ‍ॅपमध्ये आवाज हवा, चित्रे हवीत’ म्हणणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. पण लोकांना काय हवेसे वाटते याचे हे उत्तर आहे, ते काय करतात याचे नव्हे. प्रश्नावली वापरायचीच असेल तर ‘वापरता का’ हा प्रश्न काढून ‘शेवटचा कोणता शब्द शोधलात? कधी? कशावर? मिळाला का?’ असे विचारावे. ज्याला शब्दच आठवत नाही त्याची ‘नेहमी’वरची खूण बाजूला ठेवता येते. एवढ्या एका बदलाने फॉर्मची लायकी दुप्पट होते.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा, आणि तो वजनदार आहे: मोल्सवर्थने कोणाचे सर्वेक्षण केले होते? १८३१ चा त्याचा कोश, १८५७ ची सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती, सगळे शास्त्रीपंडितांच्या साहाय्याने आणि अविश्रांत मेहनतीने झाले. त्यानंतर १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र शब्दकोश उभा केला. वापरणाऱ्यांचा अभ्यास न करताही थोर कोश होतात, मग आताच ही उठाठेव कशाला? पण मोल्सवर्थसमोर वाचक कोण होता? कंपनीचा अधिकारी आणि मिशनरी. तो स्वतः कंपनीच्या फौजेत होता. आपल्या वाचकाला काय अडते हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. बडोद्याचेच उदाहरण घ्या. संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढला. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांत राज्यकारभाराचे शब्द समोरासमोर मांडले. तो कोणाच्या टेबलावर जाणार हे नावातच लिहिलेले होते. या थोरांना वाचकाचा शोध घ्यावा लागला नाही, कारण वाचक त्यांच्या खोलीत बसलेला होता. आजचा वाचक मराठी बोलतो, गुजराती वाचतो, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकतो आणि शब्द रोमन अक्षरांत लिहून शोधतो. तो कोशकारांच्या खोलीत नाही. त्याच्याकडे जावे लागेल.

तिसरा मार्ग तरुण मंडळी सुचवतात: कशाला कोणाजवळ बसायचे, कोश ऑनलाइन टाका, कोण काय शोधते ते सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो. ही नोंद, ज्याला लॉग म्हणतात, खरोखर मोलाची असते. त्यात लाज नाही, बढाई नाही. त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ज्या शोधांना काहीच मिळाले नाही त्यांची यादी. कोशात काय नाही, आणि लोक शब्द कसे लिहितात, हे दोन्ही ती एकदम दाखवते. पण लॉग वाचायलाही डोळा लागतो. स्वाहिली-इंग्रजी ऑनलाइन कोशाचे लॉग तपासून २००६ मध्ये श्रायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की वरचे काही हजार शब्द सोडले तर भाषेत शब्द किती वेळा येतो आणि तो किती वेळा शोधला जातो यांचा संबंध राहत नाही. २०१४ मध्ये मानहाइमच्या मंडळींनी जर्मन कोशांच्या लॉगवरून उलट सांगितले: संबंध आहे, वारंवार येणारे शब्द वारंवार शोधले जातात. दोघांपैकी कोणी आकडे बनवले नव्हते. पहिल्यांनी क्रमवारीशी क्रमवारी ताडली. दुसऱ्यांनी विचारले, सर्वांत वारंवार येणारे इतके शब्द कोशात घेतले तर नेहमीचे किती शोध भागतात? प्रश्न बदलला आणि उत्तर फिरले. लॉग आपोआप बोलत असता तर असे झाले नसते.

आणि लॉगला माणूस दिसत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर मेरियम-वेब्स्टरच्या संकेतस्थळावर ढिगाऱ्यासाठीचा ‘रबल’, जखमींची वर्गवारी सांगणारा ‘ट्रायाज’ आणि मग अवास्तव, स्वप्नवत या अर्थाचा ‘सरिअल’ हे शब्द उसळून वर आले. ‘ट्रायाज’चा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसेल. पण ढिगारा म्हणजे काय हे इंग्रजी भाषिकाला माहीत नव्हते काय? शोधणारे कशासाठी आले होते, शुद्धलेखनासाठी, नेमक्या छटेसाठी, की सुचणाऱ्या शब्दाची खात्री करून घ्यायला, हे लॉगमध्ये नाही. आणि सापडलेली नोंद वाचून कळली का, हेही नाही. लहान कोशाच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. दिवसाला दोनशे शोध येत असतील आणि त्यांतले दीडशे शोधयंत्रांच्या स्वयंचलित प्रोग्रामांचे किंवा कोश बनवणाऱ्यांनीच चाचणीसाठी केलेले असतील, तर ती गाळणी आधी लावावी लागते, एरवी कोशाचा सर्वांत उत्साही वापरकर्ता त्याचा प्रोग्रामरच ठरतो.

शब्द सापडणे आणि शब्द कळणे यांत केवढे अंतर आहे ते प्रयोगांनीच दाखवले. १९८४ मध्ये हैफा विद्यापीठातल्या बेन्सुसन, सिम आणि वाइस यांनी इंग्रजी उताऱ्यांच्या परीक्षेत विद्यार्थ्यांना कोश वापरू दिला; गुणांत म्हणण्यासारखा फरकच पडला नाही. कोश निरुपयोगी? नंतर नेसी आणि मिएरा यांनी १९९१ मध्ये अशाच परीक्षा पुन्हा तपासल्या तेव्हा मेख कळली: विद्यार्थी जे शब्द शोधत होते त्यांच्यावर प्रश्न अवलंबूनच नव्हते. परीक्षा मोजत होती एक आणि कोश मदत करत होता दुसरीकडे. जपानमध्ये लुपेस्कू आणि डे यांनी १९९३ मध्ये २९३ विद्यार्थ्यांना एक गोष्ट वाचायला दिली. कोशवाल्यांना शब्द अधिक आले, पण वेळ जवळजवळ दुप्पट लागला, आणि अनेक अर्थांची लांब नोंद असलेल्या शब्दांत ते उलट गोंधळले. १९८७ मध्ये मिलर आणि गिल्डिया यांनी अमेरिकी मुलांना कोशातले अर्थ देऊन वाक्ये करायला सांगितली. ‘इरोड’ म्हणजे झिजवणे. व्याख्येत ‘ईट आउट’ हे शब्द होते, ज्याचा रोजचा अर्थ बाहेर जेवणे. मुलाने लिहिले, ‘आमचे कुटुंब फार इरोड होते.’ लांब व्याख्येतला ओळखीचा तुकडा उचलायचा आणि तिथे नवा शब्द बसवायचा, ही मुलांची रीत. मराठीत ती लगेच ओळखू येईल. ‘जोपासणे : काळजी घेणे, वाढवणे’ अशी नोंद वाचलेला मुलगा ‘वाढवणे’ उचलेल आणि लिहील, ‘आईने टीव्हीचा आवाज जोपासला.’ लॉगमध्ये हा शोध यशस्वी म्हणून चढला आहे. प्रश्नावलीत तो ‘कोशाचा उपयोग झाला’ म्हणून चढेल.

आता बडोद्याच्या मुलासमोर एक मराठी वाक्य ठेवू: ‘देवळामागच्या विहिरीजवळ राहणाऱ्या वैदूकडे सर्पदंशावर उतारा होता.’ ‘देवळामागच्या’ हा शब्द त्याला अडला. गुजरातीत ‘देवळ’ हाच मूळ शब्द आहे, म्हणून तो ‘देवळ’ शोधेल. मराठी कोशातली मुख्य नोंद मात्र ‘देऊळ’. ‘विहिरी’वरून तो मागचा प्रत्यय काढून ‘विहिर’ शोधेल. नोंद आहे ‘विहीर’, दुसरी वेलांटी असलेली. सामान्यरूपात स्वर बदलतो, ऱ्हस्व-दीर्घ बदलते, हे ज्याला कोणी शिकवले नाही त्याला कोशाचे दारच सापडत नाही. मग ‘उतारा’. विषावरचे औषध, पुस्तकातला वेचा, सातबाराची नक्कल, दृष्ट लागली म्हणून ओवाळून टाकलेला घास: इतके अर्थ एका नोंदीत. युकियो तोनो यांनी १९८४ मध्येच जपानी विद्यार्थ्यांत दाखवले होते की वाचक नोंदीच्या सुरुवातीचाच अर्थ घेऊन परततो. अलीकडे डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या यंत्रांनीही नोंदीत नजर कुठे रेंगाळते आणि कुठून मागे फिरते हे तपासले आहे. नोंदीत वेचा पहिला असेल तर वैदूजवळ पुस्तकातला उतारा होता असा अर्थ लागेल. आणि मुलाने कोश उघडलाच नाही तर? गुजरातीत ‘उतारो’ म्हणजे पाहुण्यांची उतरायची जागा. वाक्य तसेही लागते, आणि चुकले हे कळत नाही.

हे सगळे दिसणारी रीत स्वस्त आहे. स्यू अ‍ॅटकिन्स आणि क्रिस्टा वारंटोला यांनी भाषांतराचे काम देऊन माणसांना जोडीने बसवले: एक शोधतो, दुसरा टिपतो. असे सुमारे एक हजार शोध त्यांनी तपासून १९९७ मध्ये मांडले. बडोद्यात हेच करायचे तर साधारण असे करता येईल. नववी-दहावीच्या वयाची ४८ मराठीभाषक मुले, २४ जोड्या. शिवाय कोशाविना वाचणारी २४ मुले, तुलनेसाठी. चारशे शब्दांचे चार मजकूर, प्रत्येकात पंधरा अवघड शब्द. हे शब्द आधी दुसऱ्याच दहा मुलांना दाखवायचे; तीन किंवा अधिक जणांना येणारा शब्द बाद. आकलनाचे प्रश्न त्या पंधरा शब्दांवरच बेतायचे, म्हणजे हैफाची चूक टळते. प्रत्येक मूल एक मजकूर छापील कोशाने वाचेल आणि एक मोबाइलने. निम्म्या जोड्यांत आधी छापील, निम्म्यांत आधी मोबाइल, कारण दुसऱ्या बैठकीला हात बसलेला असतो आणि डोके थकलेलेही. चार मजकूर अशासाठी की टिपणाऱ्या मुलाने जोडीदाराचा मजकूर पाहिलेला असतो. तोच त्याला परत दिला तर निम्मे शब्द त्याला आधीच येतात. प्रत्येक बैठक चाळीस मिनिटांची.

टिपणाच्या कागदावर आठ रकाने: वेळ, मजकुरातला शब्द जसाच्या तसा, कशासाठी पाहिला, कशात पाहिला, कोणत्या रूपात शोधला, मिळाला का, कोणता अर्थ घेतला, समाधान झाले का. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वांत आधी बिघडतो. मुलगा ‘विहिर’, ‘विहि’, ‘वीहीर’ असे तीनदा शोधतो आणि टिपणारा सुधारून एकदाच ‘विहीर’ लिहितो. नेमका पुरावाच शुद्धलेखन करून पुसला जातो. म्हणून पहिली बैठक सरावाची, तिचे कागद मोजायचे नाहीत. दुसरा बिघाड म्हणजे जोडीदार अर्थ सांगून टाकतो. मुले मदत करणारच. त्यांना रागावू नये, शेवटी ‘सांगितले’ असा एक जादा रकाना ठेवावा आणि ते शोध वेगळे काढावेत. मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग घ्यायचे तर फोन मुलांचे नकोत. खासगी निरोप मध्येच झळकतात आणि ते आपल्याकडे साठतात. दोन-तीन उसने फोन, त्यांत रोमन आणि देवनागरी दोन्ही कळफलक, आणि पालकांची लेखी संमती. आठव्या रकान्यातल्या ‘हो’वर विसंबायचे नाही: दोन आठवड्यांनी त्याच शब्दांची वाक्ये करून घ्यायची, दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न बघता ती तपासायची. आवाज जोपासणारे मूल तिथे सापडते. मनात येईल ते मोठ्याने बोलत शोधायला लावणे ही रीतही चांगली, पण तिने गती मंदावते आणि मूल शब्दांपेक्षा बोलण्याकडे लक्ष देते. ती सहा-आठ जणांपुरतीच ठेवावी.

बेरीज करतानाची एक चूक मोठमोठ्या अभ्यासांतही आढळते. एका हुशार मुलीने तीस शोध केले आणि दुसऱ्या पाच जणांनी मिळून तीस, तर हे साठ साक्षीदार होत नाहीत, साक्षीदार सहाच. तिच्या सवयीचे वजन तिप्पट होऊन निकाल तिच्याकडे झुकतो. प्रत्येक मुलाचे प्रमाण आधी काढायचे, मग सरासरी.

यावरचा सर्वांत खरा आक्षेप असा की शेजारी कोणी टिपायला बसले की माणूस बदलतो. बदलतो. एकटे असताना सोडून दिला असता तो शब्दही मूल पाहते. म्हणूनच ‘मुले मिनिटाला किती शब्द शोधतात’ हा आकडा अशा अभ्यासातून छापू नये. पण छापील आणि मोबाइल यांची तुलना त्यामुळे मोडत नाही. नजर दोन्हीकडे सारखीच आहे. आणि नजरेखाली मूल अधिक वेळा कोश उघडेल, पण ‘देवळ’ऐवजी ‘देऊळ’ शोधायला लागणार नाही. उत्साह वाढतो, येत नसलेले व्याकरण येत नाही. वारंवारितेसाठी ऑनलाइन कोशाचा लॉग, अपयशाच्या कारणांसाठी जोड्यांचे कागद, न वापरणाऱ्यांसाठी नीट बेतलेली प्रश्नावली: ज्याला जे दिसते ते त्याच्याकडून घ्यावे.

असे पाहिले की छापील की मोबाइल हा प्रश्न फुटून त्याचे अनेक लहान प्रश्न होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे एकाच बाजूला पडत नाहीत. सामान्यरूपाची अडचण मोबाइलवर सुटू शकते, कारण ‘विहिरीत’ लिहिले तरी ‘विहीर’ दाखवता येते. छापील कोशात तीच गोष्ट ‘देवळा- : देऊळ पाहा’ अशा एका ओळीने होते, आणि अशा किती ओळी लागतील हे पाचवा रकाना सांगतो. उलट जुन्या दस्तऐवजांवर काम करणाऱ्यांचा एक वर्ग या शहरात आहे. संस्थानी मराठीतले कागद, फारसी वळणाचे शब्द, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे अनुस्वार, म्हणजे ‘नाव’ नव्हे तर ‘नांव’. त्यांना शब्द अर्धवटच वाचता येतो. पुढच्या अक्षरांचा अंदाज घेत ते पान चाळतात, शेजारच्या दहा नोंदींवरून नजर फिरवतात. शोधाच्या चौकटीत अर्धा अनिश्चित शब्द कसा लिहायचा? ही माणसे मूठभर आहेत, कोणत्याही फॉर्ममध्ये ती एक टक्काही भरणार नाहीत, आणि कोश सर्वांत जास्त तीच वापरतात. त्यांच्याजवळ प्रत्येकी दोन दिवस बसणे हजार फॉर्मपेक्षा मोलाचे.

राहिला तो शोध, जो होतच नाही. तो लॉगमध्ये नाही, जोडीच्या कागदावर नाही, टेबलावरच्या खंडांत नाही. गुजरातीत ‘हुं नवरो छुं’ म्हणजे मी रिकामा आहे. हा फरक बडोद्यात विनोद म्हणून सर्वांना पाठ असतो, म्हणून तिथे कोणी चुकत नाही. पण ‘घेर’, ‘वार’, ‘उतारा’ यांवर विनोद नाहीत. गुजरातीत ‘घेर’ म्हणजे घरी, ‘वार लागी’ म्हणजे उशीर झाला. मराठी वाक्यात हे शब्द ओळखीचे वाटतात, आणि ओळखीचा शब्द कोणी कोशात पाहत नाही. हे मोजायची युक्ती एकच: वाचण्याआधी न येणारे शब्द मुलांना अधोरेखित करायला सांगायचे, आणि मग अर्थ विचारायचा तो अधोरेखित न केलेल्या दहा शब्दांचा. जिथे रेघ नाही आणि अर्थ चुकलेला आहे, तिथे कोशातली नोंद कितीही उत्तम लिहिली तरी पोचत नाही, छापील असो की मोबाइलवरची. त्या शब्दांची वेगळी यादी करावी लागेल, सोळा पानांची, नावानिशी, मराठी अर्थ एका बाजूला आणि गुजराती अर्थ दुसऱ्या बाजूला, आणि ती मुलाच्या हातात कोशाआधी द्यावी लागेल. त्या यादीत कोणते शब्द यावेत हे आज कोणालाच घरात बसून सांगता येणार नाही. ते त्या ७२ मुलांच्या कागदांवरून ठरेल.